एअरब्रशसाठी जुना कॉम्प्रेसर : वाचकांचे प्रश्न

दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या एअरब्रशविषयी आलेल्या पत्रांत बहुतेक वाचक एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. ब्रश हातात आहे, रंग आहेत, पण हवेची सोय नाही. नवा कॉम्प्रेसर परवडत नाही आणि जुना घ्यायला धीर होत नाही. म्हणून या वेळचा सगळा विभाग जुन्या कॉम्प्रेसरला दिला आहे. दाबाचे आकडे सगळीकडे बारमध्ये आहेत. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असेल तर आपल्या कामापुरतं ते बारइतकंच धरा.

प्रश्न : वन-बीएचकेमध्ये राहतो. १/७२ मापाची विमानांची मॉडेलं आणि १/३५ मापाचे रणगाडे जोडतो. रंगवायला वेळ रात्री दहानंतरच मिळतो. ब्रश ०.३ मिमी नोझलचा आहे. जुना कॉम्प्रेसर किती एचपीचा बघू? आवाज अजिबात नको. — वाचक, डोंबिवली

उत्तर : एचपीवरून सुरुवात करू नका. ०.३ मिमीच्या ब्रशला १ ते दीड बार दाब पुरतो आणि हवा मिनिटाला साधारण ८ ते १२ लिटर लागते. एवढी हवा १/६ एचपीचं छोटं मशीनही देतं. तुमच्यासाठी खरे प्रश्न दोन : टाकी केवढी आहे आणि मोटर किती वेगाने फिरते.

जुन्या बाजारात तुम्हाला मुख्यतः तीन जातीची मशीनं दिसतील. पहिलं १/६ एचपीचं, तीन लिटरची टाकी असलेलं, खास एअरब्रशसाठी विकलं जाणारं. ते ३ बारला चालू होतं आणि ४ बारला बंद पडतं. पाटीवर मिनिटाला २०-२३ लिटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा दाब नसतानाचा. दाब चढला की मिळणारी हवा निम्म्याच्या आसपास येते. तरी ब्रशला ती पुरते. अडचण टाकीची आहे. ४ वरून ३ बारवर येईपर्यंत तीन लिटरच्या टाकीतून तीनच लिटर हवा मिळते. मिनिटाला ९ लिटर खर्च धरला तर वीस सेकंदांत मोटर पुन्हा सुरू. म्हणजे रंगवताना ती जवळजवळ चालूच राहणार. आवाज फार मोठा नसतो, पण रात्री अकराला शांत इमारतीत तो जाणवतो.

दुसरं म्हणजे दातांच्या दवाखान्यातलं ऑइल-फ्री, म्हणजे आत तेल न लागणारं मशीन : पाऊण ते एक एचपी आणि २४ लिटर किंवा त्याहून मोठी टाकी. तिसरं गॅरेजमधलं. त्यातलं स्वस्त छोटं मशीन २८०० आरपीएमने फिरतं आणि त्याच्याशेजारी बसून बोलता येत नाही. पट्ट्यावर चालणारं संथ आणि चांगलं असतं, पण जड. शिवाय ते तेलाचं असतं, त्यामुळे तेल अडवणारा फिल्टर लावावा लागतो.

आवाजाचा अंदाज पाटीवरच मिळतो. आरपीएम १४०० च्या आसपास असेल तर मोटर चार पोलची, २८०० च्या आसपास असेल तर दोन पोलची. चार पोलचं मशीन घुमतं, दोन पोलचं किंचाळतं. जाहिरातीतल्या डेसिबलवर विसंबू नका, कारण मोजणारा एक मीटरवर उभा होता की सात मीटरवर, हे कोणी लिहीत नाही. आणि १० डेसिबलचा फरक कागदावर लहान दिसला तरी कानाला आवाज दुप्पट वाटतो.

तुम्हाला आम्ही दवाखान्यातलंच मशीन सुचवू, आणि तेही दिवसा भरून रात्री वापरायला. ५० लिटरची टाकी ७ बारपर्यंत भरली आणि दीड बारपर्यंत वापरली तर ५० गुणिले साडेपाच म्हणजे २७५ लिटर हवा मिळते. मिनिटाला ९ लिटर धरले तर हा अर्ध्या तासाचा साठा झाला. २४ लिटरच्या टाकीत पंधरा मिनिटांचा. ही वेळ ट्रिगर दाबलेला असतानाची आहे. रंग बदलणं, ब्रश धुणं, मास्किंग टेप लावणं यात बराच वेळ हवा लागतच नाही, त्यामुळे प्रत्यक्षात काम याच्या दुपटीने चालतं. आणि तेवढा वेळ घरात फक्त ब्रशची फुरफुर. संध्याकाळी आल्यावर टाकी भरा आणि प्लग काढून ठेवा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. या पद्धतीने तिच्याजवळ जायचीही वेळ येत नाही.

टाकी नसलेलं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. पिस्टनचा प्रत्येक ठोका ब्रशपर्यंत पोचतो आणि बारीक रेघ ठिपक्याठिपक्यांची येते. मत्स्यालयाच्या पंपाचा दाब तर अर्ध्या बारपर्यंतही जात नाही. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचं १२ व्होल्टचं यंत्र दहा-पंधरा मिनिटांत तापून बंद पडतं.

प्रश्न : एका दवाखान्यातला १ एचपी, २४ लिटर टाकीचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर विकायला आहे. मालक म्हणतात, "एकदम ओके कंडिशन." बघायला जाताना काय तपासायचं? — वाचक, सांगली

उत्तर : निघण्यापूर्वी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत मशीन चालू करू नका, टाकी रिकामी ठेवा." गरम मशीन चटकन सुरू होतं आणि दुखणं लपतं. तुम्हाला ते थंडच बघायचं आहे. गेल्यावर आधी हेडला, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याला हात लावा. ते कोमट असेल तर मालकांशी बोलत अर्धा-पाऊण तास थांबा. बरोबर टॉर्च, पाना, स्क्रूड्रायव्हर आणि बाटलीत साबणाचं दाट पाणी न्या. घड्याळ मोबाइलमध्ये आहेच. जिथे प्लग लावून चालवून बघता येत नाही तिथून मोटरची वस्तू घेऊ नये. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे कॉम्प्रेसर मांडलेले दिसतात, पण त्यांनाही हाच नियम.

सुरुवात टाकीखालच्या ड्रेन कॉकपासून, म्हणजे पाणी सोडायच्या तोटीपासून करा. थोडं स्वच्छ पाणी आलं तर ठीक. तपकिरी गाळ आला तर टाकी आतून खात चालली आहे. आणि ऑइल-फ्री मशीनमधून तेलकट पाणी आलं तर कोणीतरी आवाज कमी करायला म्हणून आत तेल सोडलेलं आहे. तेलाने ही मशीनं सुधारत नाहीत. पिस्टनच्या टेफ्लॉन रिंगवर तेल आणि धूळ मिळून चिखल बसतो आणि सिलिंडर घासतो. असं मशीन तिथेच सोडा.

मग हवा घेण्याच्या जागेवरचा फिल्टर उघडा. साधी धूळ चालेल. हातावर काळसर-करडी बारीक पूड आली तर ती रिंगची झीज आहे.

आता ड्रेन बंद करा, गेज शून्यावर आहे ना बघा, मशीन आणि घड्याळ एकदम सुरू करा. काटा ६ बारवर पोचायला लागलेला वेळ नोंदवा. हिशोब सोपा आहे : टाकीचे लिटर गुणिले चढलेले बार, भागिले मिनिटं. २४ लिटरची टाकी दीड मिनिटात ६ बारवर गेली तर २४ गुणिले ६ भागिले १.५, म्हणजे मिनिटाला ९६ लिटर. एक एचपीला हे उत्तम. तीन मिनिटं लागली तर ४८ लिटर. ब्रशला तेही चौपटीने पुरेल, पण रिंग किंवा व्हॉल्व्ह प्लेट दमली आहे हे कळलं आणि भावात ते धरायचं. साडेपाच-सहा मिनिटं लागूनही काटा चारच्या पुढे रेंगाळत असेल तर नको.

ठरलेल्या दाबाला मोटर बंद होते तेव्हा प्रेशर स्विचमधून एक-दोन सेकंद फुस्स आवाज यायला हवा. हेडमध्ये अडकलेली हवा सोडून देण्याची ती सोय आहे. हा आवाज थांबलाच नाही तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गळतो आहे. बऱ्याचदा आतली रबरी चकती बदलून किंवा साफ करून काम होतं. आवाज आलाच नाही तर ती सोय तुंबली आहे आणि पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होताना अडखळेल.

मग वीज बंद करून पंधरा मिनिटं थांबा. पहिली दोन-तीन मिनिटं काटा थोडा खाली येतोच, कारण गरम हवा टाकीत निवते. त्याला गळती समजून भाव पाडायला जाऊ नका. त्यानंतरही काटा उतरत राहिला तर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. फेस सांध्यावर आला तर टेफ्लॉन टेपने काम भागेल. टाकीच्या पत्र्यावर किंवा वेल्डवर आला तर सौदा संपला.

शेवटी हवा सोडत राहा आणि मोटर आपोआप सुरू होते का ते तीन वेळा बघा. अर्धवट भरलेल्या टाकीवर ती न हुंकारता उचलली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर जळक्या वार्निशसारखा वास आला तर मोटरमधल्या तारेची गुंडाळी (वायंडिंग) धोक्यात आहे. ठोके ऐकू आले तर बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी, तोंड बाजूला ठेवून, एकदा ओढून बघा. हवा सुटून तो परत घट्ट बसला पाहिजे.

कपॅसिटर, फिल्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गेज ही किरकोळ दुरुस्ती. रिंगचं किट त्या मेकचं मिळतं का, हे सौद्याआधी दुकानात फोन करून विचारा. किट मिळत नसेल तर मशीन कितीही सुरेख चालत असलं तरी त्याचं आयुष्य त्या रिंगएवढंच. सगळं नीट असेल तर नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जा, आणि सापडलेली प्रत्येक दुरुस्ती त्यातून वजा करा.

प्रश्न : घरी शाडूच्या गणपतींचं रंगकाम करतो. अंगाचा रंग आणि शेडिंग एअरब्रशने होतं. जून-जुलैपर्यंत ठीक चालतं, पण श्रावणात ब्रशमधून मध्येच पाण्याचे थेंब येतात आणि अंगावर डाग पडतात. कॉम्प्रेसर जुना, ४ बारचा. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप नवा बसवला तरी फरक नाही. कॉम्प्रेसर बदलू का? — वाचक, पेण तालुका

उत्तर : बदलू नका. दोष मशीनचा नाही. ट्रॅप चुकीच्या जागी बसला आहे.

हे पाणी किती आहे ते आधी बघू. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली तर तुमचं मशीन दर घनमीटरमागे २४ ग्रॅम पाणी ओढून घेतं. गेजवर ४ बार म्हणजे हवा पाचपट दाबली. घनमीटरची जागा उरली एकपंचमांश, आणि तेवढ्या जागेत ३० अंशाला ६ ग्रॅमच पाणी मावतं. उरलेले १८ ग्रॅम कुठेतरी थेंब होऊन बसणारच. मिनिटाला १० लिटरने तासभर काम केलंत तर ६०० लिटर हवा आणि जवळजवळ ११ ग्रॅम पाणी, म्हणजे दोन चमचे. मूर्तीच्या मॅट अंगावर डाग पडायला यातला एक थेंब पुरे आहे.

आता जागेचं. हवा हेडमधून निघते तेव्हा चांगली तापलेली असते आणि गरम हवेत पाणी वाफ होऊनच राहतं. ट्रॅप फक्त थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. तुमचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून असणार. हवा त्याच्या पुढे नळीत निवते आणि थेंब नळीतच तयार होतात. ट्रॅपच्या पुढे तयार झालेलं पाणी अडवायला मग कोणीच उरत नाही.

उपाय क्रमाने करा. टाकीच्या तोंडापासून तीन-चार मीटर नळी घ्या आणि ट्रॅप तिच्या शेवटी, भिंतीवर, अगदी उभा बसवा. नळीला झोळ राहू देऊ नका, सगळा उतार ट्रॅपकडे हवा. याहून चांगलं म्हणजे पाव इंची तांब्याच्या पाइपचं दोन-तीन मीटरचं वेटोळं बादलीभर गार पाण्यात बुडवून हवा त्यातून न्यायची आणि ट्रॅप लगेच त्याच्यापुढे लावायचा. पाण्यात बर्फ टाकलात तर हवा खोलीपेक्षा थंड होऊन जास्तीचं पाणी तिथेच सोडते आणि पुढे नळीत खोलीइतकी गरम होताना आणखी कोरडी होते. दाब खाली आणणारा रेग्युलेटर नेहमी ट्रॅपच्या नंतर.

दुसरी गोष्ट : टाकी जमेल तितक्या जास्त दाबाला भरा आणि मग रेग्युलेटरने खाली आणा. ४ बारला निवलेली हवा दीड बारवर आणली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांवर येते. तीच ७ बारवरून आणली तर ३० च्या आसपास. दवाखान्यातल्या मोठ्या टाकीच्या मशीनचा हाही एक गुण आहे. टाकीविना थेट दीड बारवर चालणाऱ्या मशीनची हवा नळीत शंभर टक्के ओलीच असते. मात्र तुमच्या मशीनचा स्विच पिळून ४ चे ७ बार करू नका. त्याचं हेड आणि टाकी त्यासाठी बनवलेली नाही.

श्रावणात ट्रॅप दर वीस मिनिटांनी सोडा, टाकीचा ड्रेन रोज काम संपल्यावर उघडा. ब्रशच्या मुठीखाली बसणारा छोटा ट्रॅपही मिळतो. तो शेवटचा पहारा म्हणून ठेवा, एकट्याच्या भरवशावर नाही. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात मोठं काम करणाऱ्यांनी सिलिका जेलचा ड्रायर लावायला हरकत नाही. नारिंगी दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास भाजून पुन्हा वापरता येतात.

रोज सुरुवातीला ब्रशमध्ये रंग न घालता आरशावर अर्धा मिनिट नुसती हवा मारा. आरशावर एक ठिपका जरी दिसला तरी मूर्तीकडे वळू नका. वर्षभर वाट पाहिलेल्या कामावर शेवटच्या आठवड्यात डाग पडावा, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

प्रश्न : भंगारवाल्याकडे फ्रिजचा चालू कॉम्प्रेसर मिळतो आहे. तो अगदी शांत चालतो असं ऐकलं. त्यावर एअरब्रश चालेल का? — वाचक, नाशिक

उत्तर : चालतो, आणि आवाजाच्या बाबतीत त्याला तोड नाही, कारण मोटर आणि पिस्टन बंद डब्यात स्प्रिंगवर टांगलेले असतात. पण तयार मशीनपेक्षा तो बराच जास्त सांभाळावा लागतो. हाताने जोडणी करायची आवड असेल तरच या वाटेला जा.

पहिला धोका गॅसचा. अलीकडच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००-ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. गॅस फ्रिज-मेकॅनिककडून काढून घ्या. पाइप पाइपकटरने कापा, ज्योतीने कधीच नाही. सुरुवातीची दहा मिनिटं मशीन उघड्यावर चालवून आतला उरलासुरला गॅस बाहेर जाऊ द्या.

डब्यातून तीन पाइप निघतात. एक हवा ओढतो, एक फेकतो, तिसरा गॅस भरण्याचा असतो. तो चेपून बंद करायचा. कुठला कोणता हे अंगठा धरून कळतं. ओढणाऱ्याला फिल्टर लावा, नाहीतर धूळ थेट तेलात जाते. मोटर सुरू करणारा मूळचा रिले आणि तिला जळण्यापासून वाचवणारा ओव्हरलोड त्याच कॉम्प्रेसरबरोबर मागून घ्या. दुसऱ्या मॉडेलचा जोडू नका.

फ्रिजची मोटर दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्यावरच सुरू होण्यासाठी बनलेली असते. टाकीत ३ बार असताना ती उचलणार नाही, हुंकारून ओव्हरलोडवर बंद पडेल. म्हणून टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, आणि बंद होताना मधल्या पाइपातली हवा सोडणारा प्रेशर स्विच हवा. टाकीवर ६ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह असल्याशिवाय मशीन चालू करू नका. स्विच अडकला तर हा लहानसा डबा थांबत नाही, दाब वाढवतच जातो.

तेल हे त्याचं कायमचं दुखणं. फ्रिजमध्ये तेल गॅसबरोबर फिरून परत येतं. इथे ते हवेबरोबर बाहेर जातं आणि परत येत नाही. रंगात गेलं की गोल खड्डे पडतात, रंग तिथे धरतच नाही. तेल अडवणारा बारीक फिल्टर लावा, त्यात साठलेलं तेल मापाने मोजा आणि तेवढंच आत परत भरा. आर-१३४-ए या दुसऱ्या गॅसवर चालणाऱ्याचं तेल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे आपल्या कामाला ते वाईट. आणि हा कॉम्प्रेसर थंड परतणाऱ्या गॅसवर निवत असतो. ती सोय आता नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवा. डब्यावर हात ठेवता येईना की विश्रांती द्या.

प्रश्न : टाकी म्हणून रिकामा गॅस सिलिंडर किंवा जाड पीव्हीसी पाइप वापरला तर? — वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही नको. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, दुसऱ्या कामाला वापरणं नियमाविरुद्ध आहे, आणि त्याला भोक पाडायला गेलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. पीव्हीसी दाबाखाली फुटतो तेव्हा त्याच्या सुऱ्यांसारख्या कपच्या उडतात, आणि आधी कसलीही सूचना देत नाही.

जुन्या कॉम्प्रेसरची सुटी टाकी घ्या. समुद्राच्या हवेत ती बाहेरून रंगलेली आणि आतून गंजलेली असू शकते. सगळी हवा सोडा, ड्रेन कॉक काढून आत टॉर्च मारा, जाड तारेने तळ खरवडा. पापुद्रे निघाले किंवा एमसील लावलेलं दिसलं तर सोडून द्या. शंका असेल तर आग विझवायच्या सिलिंडरची तपासणी करणाऱ्याकडून हायड्रो टेस्ट करून घ्या : टाकी काठोकाठ पाण्याने भरून चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे ८ बारला १२ बार. पाणीच का, तर ते दाबलं जात नाही. टाकी फाटली तरी नुसती धार लागते. हवेने हीच परीक्षा घेतली तर स्फोट होतो. गळकी टाकी वेल्डिंगने बुजवून वापरू नये.

प्रश्न : खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. लाकडी खोक्यात कॉम्प्रेसर ठेवला तर आवाज कमी झाला, पण अर्ध्या तासात मशीन बंद पडलं. — वाचक, पुणे

उत्तर : ते थर्मल कटआउटने, म्हणजे मोटर तापली की वीज तोडणाऱ्या स्विचने बंद झालं, आणि त्याने मोटर वाचवली. बंद खोकं काढून टाका.

खाली जातो तो आवाज हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जातो. फरशीवर जुन्या गादीचा दोन इंच जाड फोम, त्यावर कडप्प्याचा तुकडा, आणि त्यावर रबरी पायांसकट मशीन ठेवा. दगडाचं वजन आणि खालचा मऊ थर मिळून थरथर तिथेच मरते. मशीन भिंतीला टेकू देऊ नका. मशीनला जोडलेला पहिला हातभर पाइप लवचीक असू द्या. कडक पाइप भिंतीला वाजवतो.

खोकं हवंच असेल तर खालच्या बाजूने हवा आत आणि वरून बाहेर, वर १२ सेंटिमीटरचा पंखा, आतून फोम, आणि हवेचा मार्ग एकदा वळवलेला. मशीनभोवती वीतभर जागा सोडा. हवा ओढण्याचं तोंड नळीने खोक्याबाहेर काढा, म्हणजे मशीन आतली गरम हवा पुन्हा ओढणार नाही. ही नळी रंगाच्या टेबलापासून लांब ठेवा. थिनर वापरत असाल तर मशीनही लांबच हवं, कारण प्रेशर स्विचमध्ये दर वेळी ठिणगी पडते.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत येतो आहे. त्याच्याकडचा १२० व्होल्टचा शांत कॉम्प्रेसर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना? — वाचक, ठाणे

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्‌झ, इकडे ५०. इंडक्शन मोटर एक षष्ठांशाने हळू फिरेल, तिचा पंखाही हळू फिरेल, आणि करंट मात्र जास्त ओढला जाऊन ती तापेल. शिवाय एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर तीन हजार व्हीएच्या पुढचा लागेल. तो जड आणि महाग. भावाला सांगा, कॉम्प्रेसर तिकडेच विकून या आणि सामानात चांगला ब्रश आणा. पाटीवर ५०/६० हर्ट्‌झ असं दोन्ही लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : जुना १ एचपी घेतला. दुकानात चालला, घरी नुसता हुंकारतो. — वाचक, चिपळूण

उत्तर : लगेच बंद करा. हुंकारत राहिला तर वायंडिंग जळेल. टाकी पूर्ण रिकामी करून, एक्स्टेंशन बोर्ड न वापरता, १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावून बघा. सुरू झाला तर बोर्डाची बारीक वायर दोषी. तिच्यात व्होल्टेज पडतं. दीड चौरस मिमीची आखूड वायर वापरा. रिकाम्या टाकीवर सुरू होतो पण भरलेल्या टाकीवर नाही, असं असेल तर स्विचची हवा सोडण्याची सोय तुंबली आहे. रिकाम्या टाकीवरही हुंकारतो आणि पंखा हाताने सहज फिरतो, तर कपॅसिटर गेला. पंख्याला हात प्लग काढूनच लावा. नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. जुना काढण्यापूर्वी त्याची दोन टोकं रेझिस्टरने किंवा बल्ब लावून रिकामी करा.

प्रश्न : ब्रशची नळी कॉम्प्रेसरला बसत नाही. — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बहुतेक ब्रशच्या नळीला १/८ बीएसपीचे (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे असतात आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाला १/४ बीएसपीचे. १/४ ते १/८ चा पितळी अडॅप्टर न्युमॅटिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हमखास. काही अमेरिकन ब्रशचे आटे वेगळे असतात, त्यांना त्या कंपनीचाच अडॅप्टर लागतो. अमेरिकन एनपीटी आणि बीएसपी यांची गल्लत करू नका. १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७. दोन फेरे सहज जातात आणि मग अडतं. तिथे पान्याने जोर लावला की पितळेचे आटे सोलतात. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन फेरे गुंडाळा, पहिला आटा मोकळा ठेवा. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो ब्रशच्या एअर व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि हवा बंदच होत नाही.